पहिल्या फेरीला घरचं माणूस

अक्का, तुमच्या तेराव्याच्या पंगतीत कुणीतरी विचारलंच, "मग गंमतबाग कधी उघडताय?" विचारणाऱ्याच्या हातात बुंदीचा लाडू होता आणि मी मठ्ठा वाढत होते. "बघू," म्हणाले आणि पुढच्या पानाकडे सरकले. पुढच्या पानावरची बाई हळूच म्हणाली, "पाळण्यातच गेल्या म्हणे."

नाही गेल्या. हे मी इतक्या जणांना सांगितलंय की आता माझाच माझ्यावर विश्वास बसेनासा झालाय. तुम्ही घरात, ओट्यापाशी, चहाचं आधण ठेवता ठेवता छातीवर हात धरून खाली बसलात. मग दवाखाना, मग नळ्या, मग काही दिवस आशा, आणि मग तीही नाही. पण सायखेड्याच्या रस्त्याने येणाऱ्या-जाणाऱ्यांनी वर्षानुवर्षं तुम्हाला रोज सकाळी आकाशपाळण्यात एकटीला बसलेलं पाहिलंय. त्यांना तोच शेवट बरा वाटतो. रडून दमले असते तर निदान हलकं वाटलं असतं. मी लोकांना सांगून सांगून दमलेय.

घरात आता जो तो माझ्या तोंडाकडे बघतोय. आमचे हे बघतात, तुमचा सुजित पुण्याहून रजा टाकून आलाय, तो बघतो, मशिनं चालवणारा शांताराम तर गेटापाशी बसून नुसता माझीच वाट बघत असतो. बागेचं पुढे काय करायचं ते धाकट्या जावेने सांगायचं, असं कुणी न बोलताच ठरलंय. कोरोनापासून मी घसा कोरडा करत होते की आता बंद करा, तेव्हा कुणी हिंग लावून विचारलं नाही. भांडण तुमचं-माझं होतं. तुम्ही अर्ध्यात उठून गेलात आणि मला सगळ्यांनी पंच करून बसवलं.

सुरुवात तरी कुठे ठरवून झाली होती? आपलं शेवंतीचं रान होतं. रविवारी नाशिकची माणसं गाड्या थांबवून फुलांत फोटो काढायची आणि त्यांची पोरं वाफे तुडवायची. सासूबाई काठी घेऊन मागे पळायच्या. तुम्ही म्हणालात, "पोरान्ला बसायला कायतरी द्या, म्हंजे फुलं तरी वाचतील." तुमच्या ह्यांनी, आमच्या दादांनी, बांधावरच्या चिंचेला दोन झोके बांधले. मग घसरगुंडी आली, मग सी-सॉ. फुलं वाचवायला काढलेल्या बागेनं सगळं फुलांचं रान खाल्लं, हे मी भांडताना तुम्हाला हमखास ऐकवायचे. तुम्ही म्हणायचात, "मग पोरं काय कमी हायेत का फुलांपेक्षा?" मी भांडी आपटायचे.

दादा तेव्हा सातपूरच्या कारखान्यात फिटर होते. पाळी सुटली की दोस्ताच्या शेडमध्ये बसून त्यांनी घोड्यांचं चक्र बनवलं. घोडे फायबरचे, डोळे इतके मोठे रंगवलेले की घोडे कायम घाबरलेलेच दिसायचे. आदल्या दिवशी चक्र फिरवून बघितलं, झकास फिरलं. सासूबाई मात्र कमरेवर हात ठेवून उभ्या. म्हणाल्या, "हे डावीकडून फिरतंय. लहान लेकरं बसायची, अन् उलटी प्रदक्षिणा घालता व्हय रे?" दादांनी आईला कधी नाही म्हटलंय? मोटारीच्या दोन वायरी अदलाबदल केल्या आणि चक्र उजवीकडून फिरायला लागलं. प्रदक्षिणा सुलटी झाली, पण घोड्यांची तोंडं कुठं आहेत हे एवढ्या माणसांत एकाच्याही डोक्यात आलं नाही. दुसऱ्या दिवशी नारळ फुटला, पोरं बसली, बटण दाबलं आणि सगळे घोडे शेपट्या पुढे करून निघाले.

तुम्ही पदर तोंडात कोंबून खाली बसला होतात. मला वाटलं तुम्हाला काही झालं. दादांचा चेहरा पडलेला, सासूबाई म्हणताहेत, "आता कसं बरोबर फिरतंय," आणि पोरं मजेत. त्यांना वाटलं हे असंच असतं. तो अख्खा सीझन घोडे उलटेच फिरले, कारण नंतर लोक तेच बघायला यायला लागले. चांदवडहून कांद्याची गाडी नाशकात रिकामी करून परत जाणारी माणसंसुद्धा वाट वाकडी करून पोरांना घेऊन यायची आणि विचारायची, "उलटे घोडे हितंच का?" पुढे दादांनी घोड्यांचे खांब कापून, घोडे वळवून परत वेल्डिंग केलं, तेव्हा काही जण नाराज झाले. आपल्या गंमतबागेचा इतिहास कुणी विचारलाच तर मी एवढंच सांगते. बाकी सगळ्या बागांचं जे होतं तेच आपलं झालं.

आकाशपाळणा आला तो एका जत्रेवाल्याकडून. तो धंदा सोडत होता. पाळणा उभा राहिला त्या सकाळी गेटावर चांदवडची एक बाई लेकराला कडेवर घेऊन आली होती. तिने वर बघितलं, मग तुमच्याकडे बघितलं आणि साधंच विचारलं, "तुमच्या घरातलं कोणी बसवलंय का ह्याच्यात?" तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता, काळजी होती. तुम्ही तिकिटांचा डबा माझ्या हातात दिलात, पदर खोचलात आणि जाऊन बसलात. एकट्या. दादा नको म्हणत होते. तुम्ही खाली उतरलात, त्या बाईला म्हणालात, "बसवा आता." आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गेट उघडायच्या आधी पुन्हा जाऊन बसलात. तिसऱ्या दिवशीही. मग तो नेमच झाला. दुसऱ्याचं लेकरू बसायच्या आधी पहिल्या फेरीला आपल्या घरचं माणूस बसणार.

तपासणीला आलेल्या साहेबांनी सांगितलं, बाई, रिकाम्या डब्यांत वाळूची पोती ठेवून फिरवायचं असतं, तुम्ही बसायची गरज नाही. तुम्ही म्हणालात, "पोती ठिवू की. पोतीबी बसतील, मीबी बसते." आमचे हे एकदा तुमच्याऐवजी बसले आणि वर जाऊन फोनवर बोलत राहिले. तुम्ही त्यांना परत कधी बसवलं नाहीत. "बसायचं म्हंजे ऐकायचं असतंय. कुठं कुरकुरतंय ते वरच कळतंय," म्हणालात. दादा गेले त्या वर्षीही सुतक फिटल्यावर पहिल्याच सकाळी तुम्ही वर होतात.

मला मात्र कधीच बसवलं नाहीत. मला एसटीत सप्तशृंगीचा घाट लागला तरी लिंबू नाकाशी धरावं लागतं, हे घरात सगळ्यांना ठाऊक. तुम्ही पाहुण्यांसमोर चिडवायचात, "आमच्या धाकटीला तिकीट न काढता यष्टीतच आकाशपाळणा भेटतो." मी हसायचे. मनातून मात्र तुमचा हेवा वाटायचा. मला वाटायचं, हिला काहीच होत नाही. ही उतरते, पंपाच्या खोलीमागे जाऊन तोंड धुते आणि हसत हसत गेट उघडते.

मग मोठा काळ आला. शाळांच्या सहली, निफाड, सिन्नर, चांदवड, रांगेने उभ्या लाल गाड्या, मास्तरांच्या शिट्ट्या. पाण्याची टाकी बांधली, घसरगुंड्या बसवल्या, पावसाचा नाच म्हणून वरून फवारे सोडले. तुम्ही भिजलेल्या पोरांना ओरडून ओरडून पंचे वाटायचात. मी वडे तळायचे. दिवाळीच्या सुट्टीत आपल्या घरी कधी दिवाळी झाली नाही, पण मला तेव्हा त्याचं काही वाटत नव्हतं. कोणीतरी पोर येऊन म्हणायचं, "काकू, मागच्या वर्षीपेक्षा वडा लहान झालाय," आणि मला बरं वाटायचं की याला मागचं वर्ष आठवतंय.

नंतर हायवेला मोठ्या बागा झाल्या. त्यांच्याकडे समुद्रासारख्या लाटा, आपल्याकडे टाकी. मग कोरोना आला आणि टाकीत नुसता पालापाचोळा. उघडलं तेव्हा सहली आल्याच नाहीत फारशा. आजूबाजूला लॉन्स झाले, लग्नाचे डीजे वाजायला लागले, पलीकडे रो-हाऊस. आपला पाळणा मधे उभा, रंग उडालेला. येणारी माणसं डब्यात बसून मोबाईलवर आपलंच शूटिंग करायची आणि खाली उतरून म्हणायची, किती जुनं आहे ना, क्यूट आहे. मी म्हणायचे, अक्का, बंद करू. गुडघे गेलेत तुमचे, बीपीची गोळी चालू आहे, डॉक्टर ओरडतात. कुणासाठी करायचं हे? तुम्ही म्हणायचात, "ज्या पोरांना मी पंचे दिले, ती आता पोरं घेऊन येतात. त्यांना काय सांगू, गेटावर?" मी म्हणायचे, सांगा की काकू म्हाताऱ्या झाल्या. तुम्ही म्हणायचात, "तू सांग." आणि विषय तिथेच राहायचा. रोज तिथेच.

दवाखान्यात तुम्ही जरा शुद्धीवर आलात तेव्हा मी एकटीच होते. तुम्ही विचारलंत, "सकाळी कोण बसलं?"

मी म्हणाले, "कोणी नाय. बंद ठेवलंय."

"सुट्टीत?"

"मग कोण बसणार?"

तुम्ही माझ्याकडे बघत राहिलात. मी मनातल्या मनात म्हणत होते, आता सांगतील, तू बस. आणि सांगितलं तर मी काय करायचं ते मला कळत नव्हतं. पण तुम्ही म्हणालात, "हां. तेबी खरं." मग भिंतीकडे तोंड केलंत. जरा वेळाने म्हणालात, "टाकीतलं पाणी बदलायला सांग, वास मारंल." माझ्याशी तुमचं हे शेवटचं बोलणं. एवढ्या वर्षांच्या संसारात, एका चुलीवर, एका गेटावर, आणि शेवटी टाकीचं पाणी. मी ते बदलून घेतलं. पण "हां, तेबी खरं" याचा अर्थ मला अजून लागत नाही. तुम्ही माझं ऐकलंत, की मला वाचवलंत?

तेराव्यानंतर सुजितने एक पार्टी आणली. मुंबईकडची. त्या लोकांना आपली बाग चालवायला हवी आहे, नवी मशिनं टाकतील, लायटिंग करतील, नावही तेच ठेवतील म्हणे. त्यांच्यातला एक तरुण मुलगा आला, चांगला, नम्र, चपला बाहेर काढून घरात आला. चहा झाल्यावर मी त्याला विचारलं, "तुमच्याकडे पहिल्या फेरीला कोण बसतं?"

त्याला कळलं नाही. सुजितने समजावलं. तो हसला नाही, याचं मला बरं वाटलं. म्हणाला, "काकू, आता सेन्सर असतात. बेल्ट नीट लागला नाही तर मशिन सुरूच होत नाही. माणूस बसायची गरजच नाही."

त्याचं खरंच असणार. तो गेल्यावर सुजित म्हणाला, "काकू, आई होती तोवर ठीक होतं. आता हट्ट कुणासाठी?" मी म्हणाले, मला रविवारपर्यंत वेळ दे. आमचे हे काही बोलले नाहीत. ते तुमच्यासमोरही कधी बोलले नाहीत, हे तुम्हाला ठाऊक आहेच.

शनिवारी सकाळी मी शांतारामला सांगितलं, पाळण्याला तेलपाणी कर, पोती ठेव. त्याने विचारलं, "पार्टी येणार हाय का परत?" मी म्हटलं, "मी बसणार हाय." कड्या दोनदा तपासल्या त्याने.

मला वाटलं होतं, वर गेल्यावर काहीतरी होईल. तुम्ही रोज जिथे बसलात तिथे बसल्यावर तुमचं काहीतरी मला सापडेल. गोदावरी दिसेल, आपलं जुनं रान कुठवर होतं ते दिसेल, तुम्ही इतकी वर्षं कशासाठी वर जात होतात ते एकदाचं कळेल. काही दिसलं नाही, अक्का. मी डोळेच उघडले नाहीत. डबा मागे झुकला तसं पोटातलं सगळं घशाशी आलं. ऐकायचं म्हणून गेले होते, पण मला माझ्याच दातांची कडकड ऐकू येत होती. मी ओरडले, "थांबव." शांतारामने थांबवलं, हाताला धरून उतरवलं आणि मी तिथेच, पंपाच्या खोलीमागे जाऊन, भडाभडा ओकले.

मागून शांताराम पाण्याचा तांब्या घेऊन आला. म्हणाला, "असू द्या, काकू. अक्काबी हितंच ओकायच्या."

मी म्हटलं, "कधी? आजारी होत्या तेव्हा?"

"नाय वो. रोजच. पयल्यापासून. मी कामाला लागलो तव्हापासून बघतोय. मला म्हणल्या व्हत्या, धाकटीला कळलं तर ती मला बसू द्यायची नाय, अन् सोता बसंल. बोलायचं नाय. म्हणून नाय बोललो."

मी तांब्या घेऊन तिथेच विटांवर बसले. रोजच. चिंचेचे झोके लहान पडले तेव्हापासून, दादा होते तेव्हा, दादा गेल्यावर, गुडघे गेल्यावर. वर्षातून एकदा खंडेनवमीला मशिनं पुजून बंद असायची, त्या सकाळी तुम्ही ओट्यापाशी पाट घेऊन बसायचात, दोनदा चहा प्यायचात आणि कुणाशी कारण नसताना गोड बोलायचात. मला वाटायचं, सणाचं आहे. उन्हाळा असो की थंडी, तुमच्या भाकरीच्या डब्यात लिंबाची फोड असायची. मला वाटायचं, जेवणातली आहे. पाहुण्यांसमोर माझ्या एसटीची गंमत करायचात आणि स्वतः रोज सकाळी तेच सोसून, चूळ भरून, दुसऱ्याच्या लेकरांसाठी गेट उघडायचात. मला हसू आलं आणि त्याच्या मागोमाग असा राग आला की तुम्ही समोर असतात तर मी तांब्या फेकला असता. मला सांगितलं असतंत तर मी पाठीवरून हात तरी फिरवला असता, अक्का. एवढं तरी करू द्यायचं होतं.

घरी आले आणि रविवारची वाट न बघता सुजितला सांगितलं, "पाळणा उतरवा. बाग बंद."

तो म्हणाला, "काकू, पार्टी तयार आहे. बंद कशाला?"

"तो पोरगा चांगला हाय. त्याला म्हणावं, दुसरीकडं काढ, मी येईन बघायला. इथं नको. सकाळी इथं पाळणा फिरायला लागला की मी खिडकीतून बघणार, कोण बसलंय. मला तेवढं झेपायचं नाय."

"मग आईचं काय? आईला किती वाटायचं, चालू राहावं. आई असती तर..."

"तुझी आई असती," मी म्हटलं, "तर उद्या सकाळी पुन्हा वर गेली असती, पुन्हा ओकली असती आणि पुन्हा तोंड धुऊन गेट उघडलं असतं. म्हणूनच."

त्याला काही कळलं नाही. मग मी त्याला सगळं सांगितलं. तो उठून बाहेर गेला आणि बराच वेळ चिंचेखाली पाठ करून उभा राहिला. परत आला तेव्हा म्हणाला, "जमिनीचं नंतर बघू." आमचे हे म्हणाले, "बघू." पहिल्यांदाच दोघांचं एकमत झालं.

आज शांतारामने दोन माणसं आणून डबे उतरवायला घेतलेत. पान्यांचा आवाज इथवर येतोय. गेटावर मी कुणाला उभं केलं नाही, स्वतःच उभी राहिले. सकाळी एक तरुण बाप आला होता, मागच्या सीटवर दोन पोरं. विचारलं, "काकू, बंद?" मी म्हटलं, बंद. त्याने विचारलं, "अक्का नाहीत का?" मी म्हटलं, नाहीत. तो पोरांना म्हणाला, "मी लहानपणी इथं यायचो." ती पोरं वर बघत होती. मी त्याला सांगितलं, जे तुम्ही मला सांगायला लावत होतात आणि मी कधी सांगितलं नाही. म्हटलं, "काकू दमल्या रे बाबा. दोघीबी दमल्या." त्याने मान हलवली आणि गाडी वळवली.

तुम्हाला हे पटणार नाही, मला माहीत आहे. भांडायचं असेल तर आता स्वप्नात या. पण उद्या सकाळी कुणाला वर जायचं नाहीये, अक्का. मागे जाऊन तोंड धुवायचं नाहीये, परत येऊन हसायचंही नाहीये. गेट मी बघते. तुम्ही पडून राहा जरा.